छातीवर वजन घेण्याआधी

सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही जिममध्ये डोकावा. फ्लॅट बेंचपुढे चार-पाच जण नंबर लावून उभे दिसतील आणि शेजारचं चेस्ट प्रेसचं मशीन रिकामं असेल. आठवड्याची सुरुवात छातीने करायची आणि छाती म्हणजे रॉड, हे जणू ठरूनच गेलं आहे. म्हणून माझ्याकडे येणारे प्रश्नही वर्षानुवर्षं तेच आहेत. मशीनने खरी ताकद येते का? मशीनवर 50 सहज जातात, मग रॉडवर 30 लाच हात का थरथरतात? वयाची 45 उलटली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रॉड मारला तर चालेल का? मशीन बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी असतं असं जिममधले सांगतात, ते खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. मशीन आणि मोकळी वजनं यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2023 साली प्रसिद्ध झाला. स्नायूंच्या वाढीत दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक त्यात आढळला नाही. ताकदीचं मात्र वेगळं असतं. ज्यावर सराव कराल त्यावर ती जास्त दिसते. रॉडवर वजन वाढवायचं असेल तर रॉडच मारावा लागतो. पण तुम्हाला स्पर्धेत उतरायचं नसेल, दोन जिने चढून सामान वर न्यायचं असेल, साठीतही जमिनीवरून हाताच्या आधाराने उठता यावं असं वाटत असेल, तर त्यासाठी रॉडच पाहिजे असं काही नाही.

आधी एवढंच विचारा: हात अडकले तर वजन कुठे जाईल?

ट्रेनर म्हणून मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. सकाळचे पावणेसहा, जिममध्ये जेमतेम सहा माणसं, गाणी मोठ्याने लागलेली. मी पलीकडे एकाला पाठीचं मशीन लावून देत होतो. मधेच टाचा आपटल्याचा आवाज आला. आधी मला तो गाण्याचाच ठेका वाटला. वळून पाहिलं तर बेंचवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, छातीवर रॉड, दोन्ही बाजूंना लॉक घट्ट लावलेले. श्वासच पुरत नव्हता, त्यामुळे त्याला ओरडताही येत नव्हतं. तो नुसता पाय आपटत होता. आम्ही दोघांनी रॉड उचलला. छातीवर लाल पट्टा उठला होता, त्यापलीकडे काही झालं नाही. रॉड चार बोटं वर, गळ्यावर टेकला असता तर मी आज हा लेख लिहीत नसतो. त्या मुलाने लावलेलं वजन फार जास्तही नव्हतं. त्याने एक आवर्तन जास्त मोजलं होतं, एवढंच.

तेव्हापासून कोणी मशीन की रॉड असं विचारलं की मी उलटा प्रश्न करतो: शेवटच्या वेळी हात अडकले तर वजन कुठे जाईल?

- जोर, पुशअप: तुम्ही जमिनीवर टेकता. संपलं.
- चेस्ट प्रेस मशीन: हँडल मागे येतं आणि वजन आपल्या चळतीवर परत बसतं.
- डंबेल: बाजूला, जमिनीवर. नीट उतरवायला शिकला असाल तर.
- स्मिथ मशीन: हूक अडकवला तर जागच्या जागी, नाही अडकवला तर तुमच्यावर. खालचे अडसर लावले असतील तर अडसरांवर.
- मोकळा रॉड: तुमच्यावर. रॅकला आडव्या पिना लावलेल्या असतील तर पिनांवर, आधाराला माणूस उभा असेल तर त्याच्या हातात.

या यादीतल्या खालच्या गोष्टी करू नका असं मी म्हणत नाही. जसजसं खाली जाल तसतशी तयारी वाढवावी लागते, आणि ती न करताच लोक थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतात, याचं मला वाईट वाटतं.

मशीन: सोपं आहे, पण बसायचं कसं ते शिका

मशीनवर अपघात कमी होतात. खांदे मात्र हळूहळू दुखावतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा सीटची उंची असतं. आधीचा माणूस सहा फुटी होता, तुम्ही पाच फूट तीन इंच. तुम्ही त्याच सीटवर बसता आणि हँडल येतं गळ्याच्या रेषेत. मग कोपरं खांद्याएवढी वर जातात आणि प्रत्येक आवर्तनाला खांद्याच्या पुढच्या भागात चिमटा बसतो.

बसल्यावर एवढं बघा:

- हँडलची मूठ छातीच्या मध्याशी किंवा जरा खाली यायला हवी. वर येत असेल तर सीट उंच करा.
- पाठ आणि दोन्ही खवाटे मागच्या गादीला टेकलेले हवेत. खांदे कानांकडे चढू देऊ नका.
- सुरुवातीला मुठी छातीच्या खूप मागे जात असतील तर हँडल पुढे आणायची पिन किंवा पायाने दाबायची पट्टी असते. ती शोधा, नाही सापडली तर विचारा.
- वजनाची पिन पूर्ण आत गेली का, ते हाताने दाबून पाहा. अर्धवट बसलेली पिन मधेच निसटते.
- वायर किंवा पट्टा उसवलेला, तंतू निघालेले दिसले तर त्या मशीनवर बसू नका आणि काउंटरवर सांगा.

बटरफ्लाय म्हणतात त्या मशीनची एक वेगळी खोड आहे. त्याचे हात खूप मागून सुरू होतात. वजन जास्त लावलं की पहिली ओढ घ्यायलाच खांदा पार ताणून निघतो. हात शरीराच्या रेषेच्या मागे जाणार नाहीत असं लावा आणि वजन हलकं ठेवा. केबलचंही तेच. वजन हलकं, हालचाल सावकाश, बाकी त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता 50 आणि 30 चं कोडं. मशीनवरचा आकडा म्हणजे तुम्ही ढकललेले किलो नव्हेत. मधे पुल्या असतात, तरफा असतात, वजन ठरलेल्या वाटेनेच जातं आणि ते डगमगू न देण्याचं काम तुमच्या वाट्याला येतच नाही. काही मशीनवर आकडे पौंडांत असतात, आणि 1 किलो म्हणजे सुमारे 2.2 पौंड. काहींवर तर नुसते 1, 2, 3 असे पट्ट्यांचे क्रमांक असतात. एका जिममधले 50 दुसऱ्या जिममध्ये 35 भासतात ते यामुळे. वहीत मशीन कुठलं, सीट कितव्या खाचेत आणि आकडा किती हे तिन्ही लिहा, आणि त्याची तुलना फक्त त्याच मशीनशी करा.

स्मिथ मशीनबद्दल दोन शब्द जास्त. ते दिसतं रॉडसारखं, म्हणून लोकांना ते दोन्हींचा मेळ वाटतं. रॉड रुळांत अडकवलेला असल्याने तो कुठे उतरणार हे तुम्ही बेंच कुठे ठेवता त्यावर ठरतं. बेंच चुकीच्या जागी असेल तर रॉड प्रत्येक वेळी गळ्याजवळ येईल आणि तुम्हाला तो वळवता येणार नाही. आधी रिकामा रॉड खाली आणा, तो छातीच्या खालच्या भागावर येतो का पाहा आणि मगच प्लेटा लावा. खालचे अडसर छातीच्या उंचीला लावा. मनगट वळवून हूक अडकवण्याचा सरावही रिकाम्या रॉडवर चार-पाच वेळा करा, कारण हात थकल्यावर तेवढं मनगटही वळत नाही.

डंबेल: बहुतेकांसाठी हाच मार्ग

मला कोणी एकच साधन निवडायला सांगितलं तर मी डंबेल निवडीन. दोन्ही हात आपापलं काम करतात, त्यामुळे उजवा हात डाव्याचं झाकू शकत नाही. मनगट आणि कोपर आपल्या सोयीच्या कोनात ठेवता येतात, म्हणून दुखऱ्या खांद्यांनाही ते सहसा मानवतं. आणि गळ्यावर अडकून बसायला मधे रॉडच नाही.

धोका असतो तो उचलताना आणि ठेवताना. असं करा:

1. बेंचच्या टोकाला बसा आणि डंबेल गुडघ्यांजवळ मांडीवर उभी ठेवा.
2. मागे आडवे होता होता एकेका मांडीने डंबेल वर ढकला. हातांनी ओढून घेऊ नका.
3. ढकलताना कोपरं धडापासून पूर्ण बाजूला पसरू नका आणि अगदी चिकटवूनही ठेवू नका. काटकोनाच्या साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतचा कोन ठीक.
4. संपल्यावर डंबेल छातीशी आणा, गुडघे वर घ्या आणि झोका घेऊन उठून बसा.
5. ताकद संपली असेल तर डंबेल आधी छातीशी, मग बरगड्यांच्या बाजूने खाली. हात पसरून खाली सोडू नका. तसं सोडताना खांदा उलटा खेचला जातो.

रॉडवर 40 किलो जात असतील म्हणून प्रत्येकी 20 ची डंबेल घेऊ नका. सांभाळण्याचं काम वाढतं, त्यामुळे दोन डंबेल मिळून सहसा कमीच जातात. 10 किंवा 12.5 पासून सुरुवात करा. आणि झोपून हात पंखासारखे उघडायचे त्या व्यायामात, म्हणजे फ्लायमध्ये, जड वजनाचा हट्ट कधीच धरू नका. हात पूर्ण उघडलेले असताना सगळा भार ताणलेल्या स्नायूवर आणि खांद्याच्या सांध्यावर येतो.

रॉडखाली जाण्याआधी

आता रॉड. मला स्वतःला तो फार आवडतो. राजिंदर सिंग रहेलू यांनी 2004 साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये 56 किलो गटात याच बेंच प्रेसवर कांस्यपदक मिळवलं. बेंच प्रेस हीच तिथल्या पॉवरलिफ्टिंगची एकमेव परीक्षा. पण त्या मंचावर रॉडच्या बाजूला माणसं सज्ज उभी असतात. जगातले सर्वांत ताकदवान खेळाडूही आधाराला माणसं घेऊन बेंचवर झोपतात, आणि आपल्याकडे सहा महिने झालेला मुलगा कानात गाणी लावून एकटाच रॉड काढतो.

वजन मोजून घ्या. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड 20 किलोचा असतो. आपल्याकडे अनेक जिममध्ये आखूड, बारीक, साधे रॉड असतात आणि त्यांचं वजन बरंच कमी भरतं. आज एक रॉड, उद्या दुसरा घेतला तर वजन वाढलं की घटलं ते कळणारच नाही. एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा.

पिना. बेंच पिंजऱ्यासारख्या रॅकमध्ये असेल तर दोन्ही बाजूंच्या आडव्या पिनांनीच तुमचा जीव वाचतो. उंची अशी लावा: बेंचवर झोपा, खवाटे मागे ओढून छाती वर काढा आणि रिकामा रॉड छातीला टेकवा. तेव्हा रॉड पिनांपासून बोटभर वर असायला हवा. मग छाती सैल सोडा, पाठ बेंचला सपाट टेकवा. आता रॉड पिनांवर बसला पाहिजे आणि तुमची छाती त्याच्या खालून निसटली पाहिजे. मान वळवून गळ्याजवळही मोकळी जागा राहते ना, पाहा. प्लेटा त्यानंतर. हे सगळं करायला दोन मिनिटं पुरतात. बेंच, रॉड आणि तुमची बांधणी तीच असेल तर पुढच्या वेळी पिनेची खाच लक्षात ठेवली की झालं.

झोपण्याची पद्धत:

- डोळे बरोबर रॉडखाली. फार वर सरकलात तर ढकलताना रॉड हुकांवर आपटतो, फार खाली असलात तर रॉड काढतानाच खांदे सैल होतात.
- पाय जमिनीवर घट्ट. बेंचवर पाय घेऊन रॉड मारू नका, तोल जातो.
- मुठींमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. रुंद पकडीने रॉडचा प्रवास कमी होतो आणि आकडा मोठा दिसतो, पण भार खांद्यावर जातो.
- अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा मागे ठेवून नुसत्या तळव्यावर रॉड पेलणारे बरेच आहेत. घामेजल्या हातातून रॉड निसटला तर सावरायला वेळच मिळत नाही.
- रॉड तळव्याच्या खालच्या गादीवर, मनगटाच्या सरळ वर. बोटांकडे ठेवला तर मनगट मागे मोडतं.
- रॉड छातीच्या खालच्या भागाशी, स्तनाग्रांच्या आसपास आणा. टेकवा, आपटू नका. छातीवर उसळी घेऊन वर नेलेलं वजन तुमचं नसतं.
- परत ठेवताना आधी रॉड मागच्या खांबांना टेकवा, मग खाली हुकांत सोडा. नजरेने हूक शोधत बसलात तर एक बाजू हुकात आणि दुसरी हवेत, असं होतं.

लॉक. पिना असतील किंवा माणूस असेल तर लॉक लावाच, नाहीतर प्लेटा सरकतात. एकट्याने करताना लॉक न लावण्याचा सल्ला तुम्ही ऐकला असेल, अडकलं की रॉड तिरका करून प्लेटा पाडता येतात म्हणून. एका बाजूच्या प्लेटा पडल्या की दुसरी बाजू झटक्याने खाली जाते. मनगट, चेहरा, शेजारून जाणारा माणूस, काहीही सापडू शकतं. जीवावर बेतलं तर तेही करावं लागेल, पण त्या भरवशावर सेट सुरू करू नका. पिना नाहीत आणि माणूसही नाही, तर त्या दिवशी डंबेल घ्या.

आणि तरीही कधी अडकलातच, तर रॉड गळ्याकडे जाऊ देऊ नका. तो छातीच्या खालच्या भागावर राहू द्या आणि श्वास शिल्लक आहे तोवर लगेच हाक मारा. लाजू नका. वजन हलकं असेल तर रॉड पोटावरून मांड्यांकडे लोळवत उठून बसता येतं. जड रॉड मात्र पोटाला इजा करतो.

स्पॉट देणाऱ्याशी काय बोलायचं

“भाऊ, जरा बघ ना” एवढं म्हणून लोक झोपतात. त्याला काय बघायचं आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. मग तो पहिल्यापासून रॉडला हात लावून “सगळं तुझंच, सगळं तुझंच” म्हणत निम्मं वजन स्वतः उचलतो आणि तुम्हाला आपली ताकद किती ते कधीच कळत नाही. आधी हे सांगा:

- मी किती वेळा करणार आहे. “आठ मारणार आहे.”
- रॉड काढून देणार का. देणार असेल तर कितीच्या मोजणीवर.
- हात कधी लावायचा. मी “घे” म्हटल्यावर, किंवा वर जाणारा रॉड खाली येऊ लागल्यावर.
- एकदा घेतला की हुकात बसेपर्यंत सोडायचा नाही.

तो तुमच्या डोक्यामागे, बेंचच्या जवळ उभा हवा, मोबाईल खिशात आणि हात रॉडच्या खाली. तुम्हाला कोणी स्पॉट मागितला तर तुम्हीही असेच उभे राहा. आणि पेलणार नाही असं वाटलं तर तसं स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.

तुमच्यासाठी काय?

*अगदी नव्याने सुरू करत असाल:* पहिले चार आठवडे मशीन आणि पुशअप. मग चार आठवडे डंबेल. मन असेल तर त्यानंतर रॉड, तोही रिकाम्या रॉडपासून.

*चाळिशी-पन्नाशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल:* डॉक्टरांना विचारून मशीन आणि हलकी डंबेल. श्वास कोंडून जोर लावू नका. जोर लावताना दम धरला की रक्तदाब झपाट्याने चढतो. ढकलताना श्वास सोडा, आणताना घ्या. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजन अजिबात नको.

*बायपास झाली असेल:* छातीचं मधलं हाड कापून पुन्हा जोडलेलं असतं आणि ते सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत छातीचा कुठलाही व्यायाम, अगदी भिंतीवरचा पुशअपसुद्धा करू नका.

*स्त्रियांसाठी:* छातीच्या व्यायामाने स्तन लहान होतील का, छाती पुरुषी दिसेल का, अशी शंका मला फार जणी चाचरत विचारतात. स्नायू स्तनांच्या खाली, बरगड्यांवर असतो. व्यायामाने तो बळकट होतो, स्तनांच्या ऊतींवर त्याचा परिणाम होत नाही. चरबी घटली तर आकार थोडा बदलतो, पण तो कुठल्याही व्यायामाने बदलेल. आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा वापरा आणि डंबेल निःशंक उचला.

*खांदा आधीच दुखत असेल:* रॉड आणि फ्लाय बंद. तळवे एकमेकांकडे करून डंबेल किंवा तशा उभ्या मुठीचं मशीन, दुखेल त्याच्या अलीकडेच थांबून. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

*घरी करत असाल:* स्वस्त घरगुती बेंचचे खांब अरुंद असतात, रॉड परत ठेवताना बोटं चेंगरतात. शिवाय घरी रात्री दार लावून करताना मदतीला कोण येणार? घरी पुशअप आणि डंबेल पुरेशी आहेत. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश भार येतो, गुडघे टेकले तर साधारण निम्मा. म्हणजे 70 किलोचा माणूस बेंचविना 45 किलोच्या आसपास ढकलतच असतो. ते जमत नसेल तर आधी भिंत, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. सोपं वाटू लागलं की पाय पलंगावर किंवा पाठीवर भरलेली सॅक.

तालमीतल्या जोराचं विचाराल, तर तो आपल्याकडचा जुना आणि उत्तम व्यायाम आहे. पण त्यात अंग खालून सरपटत वर काढायचं असल्याने खांदे आणि कंबर बरीच कामाला लागतात. कंबर धरलेली असेल तर जोर नकोत, साधे पुशअप करा.

वजन किती आणि वाढवायचं कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम करावा. छातीसाठीही दोन दिवस धरा, मधे दोन दिवसांची विश्रांती ठेवा, म्हणजे सोमवार आणि गुरुवार. प्रत्येक वेळी आठ ते बाराचे तीन सेट, दोन सेटमध्ये दोन मिनिटं विसावा. कामाच्या वजनाआधी त्याच व्यायामाचे हलके दोन सेट करा, तोच वॉर्म-अप.

सेट संपवताना अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. पिना किंवा माणूस नसताना त्याच्या पलीकडे जाऊ नका. तिन्ही सेटमध्ये बारा झाले आणि तरी दोन शिल्लक वाटले, तर पुढच्या वेळी वाढवा. रॉडवर दोन्ही बाजूंना सव्वा किलोची लहान प्लेट, म्हणजे एकूण अडीच किलो. 20 च्या रॉडवर 5 आणि 5 लावून तुम्ही 30 किलो मारत असाल, तर पुढची पायरी 32.5, 40 नव्हे. डंबेल अडीच किलोने वाढवलं की दोन हात मिळून पाच वाढतात, हे ध्यानात घ्या. तिथे आधी वेळा वाढवा, मग वजन.

छातीच्या प्रत्येक सेटमागे पाठीचा एक ओढायचा सेट ठेवा, रोइंग किंवा तत्सम. नुसती छाती मारणाऱ्यांचे खांदे पुढे झुकतात आणि मग दुखू लागतात.

इथे थांबा

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना अंग ठणकणं, दाबल्यावर दुखणं हे नेहमीचं आहे, दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. पण यांपैकी काही झालं तर व्यायाम थांबवा:

- व्यायाम करताना छातीच्या मध्यावर दडपण, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं, घाम फुटणं, धाप, चक्कर. थांबा, बसा आणि 108 ला फोन लावा किंवा लावायला सांगा. ‘गॅस असेल’ म्हणून वाट पाहू नका. वय 30 असलं तरीही नाही.
- रॉड खाली आणताना काखेजवळ काहीतरी फाटल्यासारखा किंवा तुटल्यासारखा आवाज, मग दंडावर-छातीवर काळंनिळं पडणं, काखेच्या पुढच्या घडीचा आकार बदलणं. छातीचा स्नायू किंवा त्याचा कंडरा फाटलेला असू शकतो. मालिश करून घेऊ नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, शस्त्रक्रिया लागली तर ती लवकर केलेली बरी असते.
- रात्री दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपवत नाही, हात वर केला की कळ येते, बोटांना मुंग्या येतात.

जिममध्ये तुमचे हक्क

पैसे भरून जिमला जाता म्हणजे तुम्ही ग्राहक आहात आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला लागू होतो. मशीन बिघडलेलं आहे, सांगूनही दुरुस्त होत नाही, कबूल केलेला ट्रेनर मिळत नाही, हे सेवेतल्या त्रुटीत येऊ शकतं. ‘इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशी पाटी लावली किंवा अर्जावर सही घेतली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

- भरलेल्या पैशांची पावती आणि अटींचा कागद मागून घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना करून पाहा.
- तक्रार तोंडी नको, लेखी द्या, मेसेज केला तरी चालेल. बिघडलेल्या पिनेचा, वायरीचा फोटो तारखेसह ठेवा.
- दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.
- तुमचं दुखणं, औषधं, जुनी शस्त्रक्रिया ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगा. ते न सांगता झालेल्या त्रासाचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही.
- नको असलेला व्यायाम नाकारायचा अधिकार तुमचा आहे. “अजून दोन मार, काही होत नाही” म्हणणाऱ्याला थांबवायचाही.

नवा जिम बघायला जाल तेव्हा मोफत ट्रायलच्या दिवशी एक करा. गर्दीच्या वेळी जा, रिकाम्या रॉडखाली झोपा आणि “सर, पिना लावून द्या, मी एकटा आहे” असं सांगा. ट्रेनर मोबाईल ठेवून येतो का, पिना कुठे लावायच्या हे त्याला माहीत आहे का, आणि मुळात त्या बेंचला पिना आहेत का, हे बघून मगच फीचं विचारा.